बेसवर फ्लॅटवाउंड तारा चढवताना मी काय काय चुकलो

त्या दिवशी तालमीत पेटीवाले काका बोलले नसते, तर मी अजून राउंडवाउंड ताराच वाजवत बसलो असतो.

आमचा वाद्यवृंद ठाण्याचा. जुनी भावगीतं, थोडं हिंदी, दिवाळी पहाट, कुणाची एकसष्टी, कुणाच्या सोसायटीचा गणपती. तबला, ढोलकी, पेटी, बासरी, सिंथेसायझर आणि कोपऱ्यात बेस, म्हणजे बेस गिटार, घेऊन मी. दिवसा बँकेत, शनिवार-रविवार स्टेजवर. काका सत्तरी ओलांडलेले, कानाने अत्यंत तिखट. मुखडा झाल्यावर त्यांनी भाता थांबवला आणि म्हणाले, "अरे, तू एका सुरावरून दुसऱ्यावर जातोस ना, तेव्हा मध्येच ते खर्र काय वाजतं? पत्र्यावर कुणी नख ओढल्यासारखं?"

"काका, बोट तारेवरून सरकल्याचा आवाज आहे तो."

"मग सरकवू नकोस."

सरकवू नकोस म्हणे! भावगीतात षड्जावरून पंचमाला मींडेनं जायचं नाही, तर बेस ठेवायचा कशाला? ते काम सिंथेसायझरवाल्याचा डावा हातही करतो, आणि आयोजकांना एका माणसाचं मानधन वाचतं. पण काकांचं खरं होतं. घरी येऊन मोबाइलवरचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं, आणि एकदा ते खर्र ऐकू आल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेसच्या तारेत आत पोलादी गाभा असतो आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर पृष्ठभागावर बारीक बारीक उंचवटे राहतात, स्प्रिंगसारखे. ती राउंडवाउंड. वरती गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळली, पायाला क्रेप बँडेज बांधतात तशी, तर हात फिरवल्यावर काचेसारखं गुळगुळीत लागतं. ती फ्लॅटवाउंड. मधला प्रकारही असतो, गोल गुंडाळून वरून घासलेला, आणि काळ्या नायलॉनच्या पट्टीचा आणखी एक. ते दोन्ही मी मित्रांच्या बेसवर वाजवून पाहिले, पण त्यांच्यात माझा जीव रमला नाही. म्हणून त्यांच्यावर इथे लिहीत नाही.

आवाजातला फरक सांगायला मला जवारीचाच आधार घ्यावा लागतो. तानपुऱ्याची जवारी खुली असली की तारेतून वरचे सूर फुलून येतात, झगमगतात. जवारी बंद असली की स्वर गोल, आतल्या आत राहणारा. राउंडवाउंड म्हणजे खुली जवारी, फ्लॅटवाउंड म्हणजे बंद. मिरजेत तानपुरा करून घ्यायला गेलेला माणूस आधी सांगतो की बाईच्या आवाजासाठी हवाय की बुवांच्या, आणि कारागीर त्याप्रमाणे घोडीवर हात चालवतो. आम्ही बेसवाले मात्र पाकिटावरचा फोटो बघून तारा घेतो.

एक गैरसमज मात्र आधी काढायला हवा. फ्लॅटवाउंड म्हणजे म्हाताऱ्यांच्या तारा, असं माझ्या पिढीच्या डोक्यात घट्ट बसलेलं होतं. खरं तर १९५१ साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हा बेसला फ्लॅटवाउंडच असायच्या. रॉकवाल्यांना पियानोसारखी खणखणीत तार हवी झाली ती नंतर. 'द हू' या रॉक बँडच्या बेसवाल्या जॉन एंटविसलनं १९६६ साली इंग्लंडच्या रोटोसाउंडकडून हव्या तशा राउंडवाउंड बनवून घेतल्या आणि हळूहळू सगळं जग तिकडे वळलं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत बेसवाला जेम्स जेमरसन त्या काळात ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅट्स लावून, उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं, जे वाजवत होता ते आजही आम्ही शिकतोच आहोत. त्याच्या तारा तुटेपर्यंत बदलल्या जात नसत.

आणि माझी स्वतःचीच फजिती सांगतो. १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडन हा मेटल बँड मुंबईत वाजवून गेला, वांद्रे-कुर्ला संकुलात. मी त्या गर्दीत होतो, घामानं निथळत, घसा बसेपर्यंत ओरडत. स्टीव्ह हॅरिसच्या बेसचा तो घोडदौडीचा खडखडाट ऐकून मी दुसऱ्याच आठवड्यात सर्वांत चमकदार राउंडवाउंडचा सेट आणला. कित्येक वर्षांनी कळलं की तो माणूस फ्लॅटवाउंड वाजवतो. रोटोसाउंडचा त्याच्या नावाचा सेटच आहे, ५०-७५-९५-११०. म्हणजे ज्याच्यासारखं वाजायला हवं म्हणून मी राउंड घेतल्या, तो स्वतः फ्लॅट लावून उभा होता! सूर तारेत किती आणि बोटांत किती, याचा हिशेब मी तेव्हापासून जरा जपून करतो.

तर काकांच्या त्या टोमण्यानंतर मी फ्लॅट्स घ्यायचं ठरवलं, आणि पहिल्याच खेपेला आपटलो. धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानाच्या परिसरात चार चकरा मारून, दुकानांत गिटारच्या तारांच्या भिंतीच्या भिंती पाहून, बेसच्या फ्लॅट्स मात्र त्या दिवशी मनासारख्या न मिळाल्यामुळे ऑनलाइन मागवल्या. विक्रेत्याचं नाव घेत नाही. वर्णनात नुसतं 'बेस गिटार, फ्लॅटवाउंड, चार तारा' एवढंच होतं, किंमत बरी होती. आल्या, चढवल्या, आणि बघतो तर ई तारेच्या, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या, टोकाला असलेलं रेशमी वेष्टन नटच्या (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) अलीकडे, चक्क पहिल्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी). म्हणजे तारा तीस इंची शॉर्ट स्केलच्या, आणि माझा बेस चौतीस इंची. स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती घोडी) तारेची वाजणारी लांबी. परत घ्या म्हटलं तर उत्तर आलं, पाकीट फोडलंय. न फोडता कसं कळणार होतं, हे त्यांनीही सांगितलं नाही.

तेव्हा घेण्याआधी पट्टी काढा. ब्रिजमध्ये तारेचा गोळा जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत मोजा. तारेचा पूर्ण जाडीचा भाग त्याहून थोडा लांब हवा, रेशीम नटच्या पलीकडे खुंटीच्या बाजूलाच सुरू व्हायला हवं. फेंडरचा प्रिसिजन किंवा जॅझ हे मॉडेल असेल तर लाँग स्केल. मस्टँग किंवा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर असेल तर शॉर्ट. आणि तुमच्या बेसमध्ये तार मागच्या बाजूनं लाकडातून ओवायची सोय असेल, तरी फ्लॅट्स तशा ओवू नका. बॉडीतून वर येताना काटकोनात वळण पडतं, तिथे चपटी पट्टी उकलू शकते. ब्रिजवरूनच लावा.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते फ्लॅट्स निवडताना ब्रँड, धातू, आवाज हे सगळं नंतर. आधी ओढ बघायची. टेन्शन.

आपण सगळे पाकिटावरचे आकडे बघतो, ४५-६५-८५-१०५ वगैरे. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी सांगतात, बाकी काही सांगत नाहीत. तार किती ताणली जाणार हे ठरतं तीन गोष्टींवर: लांबी, स्वर आणि तारेचं वजन. लांबी बेसनं ठरवलेली, स्वर ठरलेला. उरलं वजन. वजन दहा टक्के वाढलं की त्याच स्वराला ताणही दहा टक्के वाढतो, सरळ हिशेब. राउंडवाउंडमध्ये वळशा-वळशांच्या मधे हवा असते, फ्लॅटमध्ये ती जागा धातूनं भरलेली. म्हणून तेवढ्याच जाडीची फ्लॅट सहसा जास्त वजनदार आणि जास्त कडक. राउंडच्या ४५-१०५ वाजवणाऱ्यानं डोळे मिटून फ्लॅटच्या ४५-१०५ घेतल्या, तर पहिल्या रात्री मनगट बोलायला लागतं. माझं लागलं.

ढोबळमानानं चौतीस इंची बेसवर एकेका तारेची ओढ अठरा-वीस किलोच्या घरात असते, चारांची मिळून ऐंशीच्या आसपास. एवढं वजन ती लाकडी मान चोवीस तास सोसत असते. त्यात भर टाकताना थोडा विचार हवाच.

आणि ओढीपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे ताठरपणा. दोन तारांची ओढ सारखी असून एक लवचीक आणि दुसरी सळईसारखी लागू शकते, कारण आतला गाभा जाड की बारीक, गोल की षटकोनी, यावर ते अवलंबून. हे पाकिटावर कळत नाही. त्यासाठी कुणाच्या तरी बेसवर बोट ठेवूनच बघावं लागतं. म्हणून दुसऱ्यांच्या बेसशी बेशरमपणे ओळख काढत जा. मी तर कार्यक्रमाच्या मध्यंतरात विंगेत उभ्या असलेल्या अनोळखी बेसवाल्याला विचारलंय, "जरा हात लावू का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

पहिला खरा सेट घेतला तो डॅडारियोचा क्रोम्स, ईसीबी-८१, ४५-६५-८०-१००. मला बत्तीसशेला पडला. पहिल्या दिवशी वाटलं, अरे, ही फ्लॅट आहे? चांगलीच चमक होती. पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलची पट्टी, हात फिरवला की स्टीलच्या ताटाच्या काठावरून बोट फिरवल्यासारखं. खर्र गेलं ते कायमचं. राउंडवरून येणाऱ्याला हा सेट सगळ्यांत कमी परका वाटेल. बेसचा टोनचा नॉब पूर्ण उघडा ठेवला तर रॉकसुद्धा निभावतं, अर्धा मिटला की भावगीत. दोन-तीन महिने वाजवून चमक उतरली की त्या खऱ्या अर्थानं गातात. तक्रार एकच. माझ्या हाताला कडक. तीन तासांचा कार्यक्रम, त्यात मध्यंतरानंतरच्या लावण्यांना ढोलकीबरोबर पळायचं, की डाव्या हाताची करंगळीकडची बाजू दुखून यायची. त्यावर एक उपाय सापडला तो असा: आमच्या गायिकेच्या बऱ्याच पट्ट्या काळ्यांतल्या. अख्खा बेस अर्धा सूर खाली उतरवला की ओढ सुमारे ११ टक्क्यांनी कमी होते आणि खुल्या ताराही काळ्या पट्ट्यांत उपयोगी पडतात. पण मग हिंदी गाण्यांच्या वेळी डोक्यात सगळं हलवत बसायचं. सहा महिने केलं, मग कंटाळलो.

दुसरा सेट आला थेट परदेशातून. भाची जर्मनीत असते. दिवाळीला येताना काय आणू म्हणून विचारलं, मी म्हटलं, थोमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट्स आण, जेएफ-३४४. साठ युरोच्या आतबाहेर. ती व्हिडिओ कॉलवर नुसती बघत राहिली. "मामा, चार तारा? एवढ्यात मी तुला कोट आणला असता." ठाण्यात कोट घालून मी काय करू?

व्हिएन्नाची ही कंपनी, १९१९ची. व्हायोलिनच्या तारांसाठी जास्त प्रसिद्ध. बेसचा हा सेट ४३-५६-७०-१००. आकडे नीट बघा, मधल्या दोन तारा किती बारीक आहेत! वर निकेलची पट्टी, आत गोल गाभा. हाताला लागतात तेव्हा पहिली प्रतिक्रिया हसू येण्याची असते. तार रबरासारखी हलते. मींड अशी जाते की सतारवाल्यानं वळून बघावं. आणि आवाज इतर फ्लॅट्ससारखा मिटलेला नाही, मध्य सप्तकात गाणारा, थोडा नाकातला म्हणा, पण गोड. घरी सोफ्यावर बसून वाजवताना मला वाटलं, शोध संपला.

मग डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात कार्यक्रम लागला. स्टेजवर माझा उजवा हात जड होतो. होतोच, घरी कितीही ठरवलं तरी. समोर ढोलकी तापली की मी तारेला मारायला लागतो. थोमास्टिकच्या तारेला मारलेलं सहन होत नाही. ती इतकी हलते की फ्रेटवर आपटून कटकट वाजते. मी फ्रेटांपासून तारांची उंची वाढवली, तर मग तो लवचीकपणाचा आनंद अर्धा गेला. ही तारेची चूक नाही. शांत, हलक्या हाताच्या माणसासाठी बनवलेली वस्तू मी घिसाड्यासारखी वापरली.

त्या तारा आता माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या बेसवर आहेत. बारावीत आहे, हात लहान. तिच्या बेसवर आधी कडक राउंड होत्या आणि बिचारी दर दहा मिनिटांनी बोटं झटकायची. थोमास्टिक लावल्यापासून तिची मींड माझ्यापेक्षा चांगली येते. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आणि तिसरा, आज माझ्या बेसवर असलेला. ला बेलाचा डीप टॉकिन' बेस, लाइट गेज म्हणजे कमी जाडीचा, ४३-६०-८२-१०४. चोपन्नशे रुपये, महिनाभर वाट बघून. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्गची ही कंपनी, जेमरसनच्या तारा यांच्याच. त्याच्या मापाचा ५२-७३-९५-११० हा सेट आजही मिळतो, आणि तिथेच लोक फसतात. नाव मोठं, घ्या तेच! पुण्याचा माझा एक मित्र असाच तो सेट हौसेनं चढवून मोकळा झाला आणि ट्रस रॉडला (मानेच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करायची सळई) हात न लावता बेस महिनाभर कपाटावर ठेवून दिला. काढला तेव्हा मानेला धनुष्याचा बाक. जेमरसनला जे जमलं ते त्याच्या बोटांच्या ताकदीवर. आपण स्टुलावर बसून रोज आठ तास नोटांची बंडलं मोजणारी माणसं.

लाइट गेजचं मात्र माझ्याशी जमलं. क्रोम्सपेक्षा हाताला नरम, थोमास्टिकपेक्षा भरीव. आवाज बोदा नाही, पण खोल आहे, तार छेडली की आधी 'ठुम्' आणि मग लगेच मागे सरकणारा स्वर. आमच्यासारख्या वाद्यवृंदात हे 'मागे सरकणं' फार कामाचं. कारण आमच्याकडे खालच्या पट्टीत मी एकटा नसतो. तबलजीचा डग्गा तिथेच घुमत असतो. राउंडवाउंड होत्या तेव्हा माझा स्वर लांबायचा, वरून तारेची झिणझिण पेटीच्या अंगावर जायची आणि खालून डग्ग्याच्या घुमाऱ्यात चिखल व्हायचा. साउंडवाला मग सरळ माझा आवाजच कमी करायचा. आता डग्ग्याची मींड आणि बेसची मींड एकमेकांना वाट देतात. तबलजीनं मध्यंतरात चहा घेताना विचारलं, "बेस बदललास का?" मी म्हटलं, नाही, तारा. "मग आधी काय लावल्या होत्यास, कपडे वाळत घालायच्या?"

चौथं नाव घ्यायचं तर रोटोसाउंडच्या जॅझ बेस ७७. मोनेल धातूच्या. मित्राच्या बेसवर एक पूर्ण तालीम वाजवल्या. कडक, दणकट, मध्यम सुरात गुरगुरणाऱ्या. पिकनं, म्हणजे तार छेडायच्या पत्तीनं, वाजवणाऱ्यानं आणि मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये असणाऱ्यानं जरूर बघाव्यात. पेटी-तबल्याशेजारी मला त्या जास्त बोलक्या वाटल्या.

स्लॅप करणाऱ्यांनी हे सगळं वाचून विसरून जावं. अंगठ्याच्या त्या चटकदार आवाजासाठी राउंडवाउंडच हव्या.

चढवताना घ्यायची काळजी. तार खुंटीला गुंडाळण्याआधी जादा भाग कापायचा असतो, आणि तो कापण्याआधी तिथे तार काटकोनात वाकवायची, मगच वाकाच्या पुढे कात्री लावायची. नाही तर आतला गाभा आणि वरचं वेष्टन एकमेकांवरून सुटतं आणि तार मेल्यासारखी वाजते. मी राउंडच्या काळात एकदा ई तार अशी मारलेली आहे, कार्यक्रमाच्या दोन तास आधी. गोल गाभ्याच्या तारेला हे पथ्य जास्तच कडक. शिवाय तार ओवताना पिळू द्यायची नाही. चपट्या पट्टीला पीळ आवडत नाही.

एकेक तार काढून एकेक लावा, चारही एकदम काढू नका. मग एक-दोन दिवस बेस तसाच ठेवा. मान नव्या ओढीला सरावली की ट्रस रॉड पाव फेरा, जास्त नाही, पुन्हा एक दिवस थांबा. माझा स्क्वायरचा प्रिसिजन आहे, त्याला एकूण अर्धा फेरा लागला. त्यानंतर ब्रिजवरची उंची, आणि सर्वांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे बाराव्या फ्रेटवर स्वर नेमका दुप्पट येतो की नाही ते. नटच्या खाचा नव्या तारेला अरुंद पडत असतील तर घासून घ्याव्या लागतात. तो उद्योग मात्र जाणकाराकडे द्या. कानस जास्त फिरली तर नट बदलावा लागतो, हेही मी अनुभवानंच सांगतोय, पण कानस माझ्याच हातात होती तेव्हा ओरडणार कुणावर?

आणखी एक स्वस्त गंमत. भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग बोटभर कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. स्वर आणखी आखूड, आणखी लाकडी होतो. जुन्या फेंडर बेसमध्ये ब्रिजवरच्या झाकणाखाली असा फोम असायचाच. साठच्या दशकातली गाणी वाजवताना मी ठेवतो, एरवी काढतो. हिरवा खरखरीत भाग वर ठेवू नका, एवढं सांगायला नको.

खर्चाबद्दल घरी जे पटवून सांगितलं ते इथेही सांगतो. कॉलेजात असताना नव्या तारा घेणं परवडायचं नाही, म्हणून आम्ही जुन्या राउंड काढून पाण्यात उकळायचो. मळ सुटतो, आठवडाभर चमक परत येते. आईच्या दुधाच्या पातेल्यात उकळल्या तेव्हा तीही चमक परत आली, आईच्या डोळ्यांत, वेगळ्या प्रकारे. पुढे कमवायला लागल्यावर दर चार महिन्यांनी अठराशेचा राउंड सेट. ठाण्याचा पावसाळा आणि माझा घामट हात, दोघं मिळून जून ते सप्टेंबरात तार काळी पाडायचे. ला बेला माझ्या बेसवर चौथा पावसाळा काढतायत. प्रत्येक वेळी वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या तुकड्यानं पुसतो, बस. मळ अडकायला खाचाच नाहीत. फ्रेटही झिजत नाहीत तेवढे. बायकोनं हिशेब केला आणि म्हणाली, "मग हे आधीच का नाही सुचलं?" याचं उत्तर १ फेब्रुवारी २००८ आहे, पण ते मी दिलं नाही.

कुठला घ्यावा असं थेट विचारलंत तर: राउंडवरून पहिल्यांदाच येत असाल आणि सगळ्याच प्रकारचं वाजवत असाल तर क्रोम्स ४५-१००. हात हलका असेल, बेस फ्रेटलेस (फ्रेट नसलेला) असेल किंवा बोटं दुखत असतील तर थोमास्टिक, पैसे साठवून. तबल्याशेजारी बसायचं असेल आणि उजवा हात माझ्यासारखा बेलगाम असेल तर ला बेलाचा ४३-१०४. नव्या तारांची पहिली तालीम कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. किमान दोन आठवडे द्या, त्यांनाही आणि बोटांनाही.

काढलेला क्रोम्सचा सेट मी गुंडाळून, तारांना नावाच्या चिठ्ठ्या लावून बेसच्या बॅगेत ठेवलाय. ऐन कार्यक्रमात तार तुटली तर गल्लीतल्या दुकानात फ्लॅटवाउंड मिळणार नाही, आणि तीन फ्लॅट्सच्या मध्ये एकच राउंड लावली तर ती एकटीच ओरडत बसते. गेल्या आठवड्यात काकांनी बॅगेत डोकावून त्या चिठ्ठ्या पाहिल्या. "ह्या कशाला जपून ठेवल्यास?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पेटीच्या बाजूला बसणार असशील तर आत्ता बेसवर ज्या आहेत त्याच राहू देत."